सेटिंग आहे, पण सापडत नाही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी नागपूरहून आलेल्या बहुतेक पत्रांचे दुखणे एकच होते: फ्रेमवर्कमध्ये (सॉफ्टवेअर उभारायच्या तयार सांगाड्यात) सोय आहे, पण ती कुठल्या नावाने, कुठल्या फायलीत लिहायची ते कळत नाही. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरावे. टिंबे आणि आडव्या रेघा मात्र छापल्या तशाच ठेवाव्यात. वर्ग, प्रकार आणि कॉल यांच्या, तसेच कोडवर लावायच्या खुणांच्या (अ‍ॅनोटेशन) नावांतली रेघ फक्त वाचायच्या सोयीची आहे, ती टाइप करू नये.

प्रश्न : आमच्या कंपनीने जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर स्वतःचे फ्रेमवर्क उभारले आहे. त्यात साडेतीनशेच्या आसपास सेटिंग आहेत. नवीन आलेल्या मुलाला काहीही बदलायचे झाले की तो जुन्या माणसाच्या टेबलाशी जाऊन ‘भाऊ, ते टाइमआउट कुठं असते?’ म्हणून विचारतो. विकीवर मोठा तक्ता केला होता, तो आता निम्मा खोटा आहे. सुरुवात कुठून करावी?
(परसोडी आयटी पार्क, नागपूर)

उत्तर : तक्ता नव्याने लिहायला बसू नका, तो पुन्हा खोटा होईल. सेटिंग जन्मते कोडमध्ये आणि तिची माहिती राहते विकीवर. कोड बदलणाऱ्याला विकी उघडायची सक्ती कोणी करत नाही. तेव्हा माहिती कोडमध्ये, त्या सेटिंगच्या डोक्यावर आणा आणि तक्ता बिल्डकडून (कोडपासून पॅकेज बनवणाऱ्या प्रक्रियेकडून) बनवून घ्या. स्प्रिंग बूटमध्ये याची सोय तयार आहे. स्प्रिंगच्या स्वतःच्या सेटिंग आयडीईत (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) आपोआप सुचतात त्या याच सोयीमुळे. आपल्या कोडसाठी ती वापरायचे राहून जाते, एवढेच.

पहिले काम शोधाशोधीचे. सगळ्या कोडमध्ये अ‍ॅट-व्हॅल्यू हे अ‍ॅनोटेशन आणि गेट-प्रॉपर्टी हा कॉल कुठे कुठे आहे ते काढा. अ‍ॅट-व्हॅल्यूने वाचलेल्या सेटिंगची कुठेच नोंद होत नाही. आयडीई ती सुचवत नाही, यादीत ती येत नाही, आणि एकच नाव दोन फायलींत दोन वेगळ्या डिफॉल्टसह वाचले तरी कोणी हटकत नाही. असली जोडी तुमच्याकडे निघेल, याची तयारी ठेवा. या सेटिंग हळूहळू कॉन्फिगरेशन-प्रॉपर्टीज अ‍ॅनोटेशन असलेल्या वर्गांत हलवा. साडेतीनशे एका दमात नकोत. ज्या वीस-पंचवीस सेटिंगसाठी लोक रोज टेबलाशी येतात, त्या आधी. नावाची सुरुवात कंपनीच्या स्वतःच्या प्रिफिक्सने करा. ‘स्प्रिंग’, ‘सर्व्हर’ आणि ‘मॅनेजमेंट’ ही प्रिफिक्स स्प्रिंग बूटची आहेत, त्यांत घुसू नका. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तेच नाव वापरले तर तुमची सेटिंग अडचणीत येईल.

दुसरे काम बिल्डमध्ये. स्प्रिंग-बूट-कॉन्फिगरेशन-प्रोसेसर हा घटक अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइल होताना कोडवरच्या खुणा वाचणारा घटक) म्हणून जोडा. ग्रेडल या बिल्डच्या साधनात तो अ‍ॅनोटेशनप्रोसेसर या नावाखाली जातो. मेव्हन या दुसऱ्या साधनात पूर्वी नुसती ऑप्शनल डिपेंडन्सी टाकली तरी चालायचे; जावाच्या जेडीके २३ पासून क्लासपाथवरचे प्रोसेसर आपोआप चालवणे बंद झाले आहे, म्हणून कंपायलर प्लगइनच्या अ‍ॅनोटेशनप्रोसेसरपाथ्समध्ये तो स्पष्ट लिहा. आणि त्या यादीत एक प्रोसेसर लिहिला की बाकीचेही तिथेच लिहावे लागतात. गेटर-सेटर आपोआप लिहून देणारे लॉम्बॉक वापरत असाल तर त्याला प्रोसेसरच्या आधी ठेवा. नाहीतर गेटर-सेटर तयार व्हायच्या आत प्रोसेसर वर्ग वाचतो आणि सेटिंग त्याला दिसत नाहीत. बिल्डला एरर येत नाही, यादी फक्त रिकामी निघते. म्हणून बिल्डनंतर जार (तयार झालेले पॅकेज) उघडून मेटा-आयएनएफ फोल्डरमध्ये स्प्रिंग-कॉन्फिगरेशन-मेटाडेटा ही जेसन फाइल आली का आणि तिच्यात तुमची नावे आहेत का, हे डोळ्यांनी बघा.

आता खरा मजकूर. फील्डवरची जावाडॉक कॉमेंट जशीच्या तशी त्या जेसनमध्ये वर्णन म्हणून जाते. रेकॉर्ड वापरत असाल तर वर्णन पॅरॅम टॅगमधून उचलले जाते. पहिले वाक्य छोटे, स्वतःत पुरे हवे. ‘टाइमआउट सेट करतो’ हे वर्णन नव्हे, ते तर नावातच आहे. ‘बँकेच्या सर्व्हरकडून उत्तर येण्याची किती वाट पाहायची, वेळ संपली की व्यवहार पेंडिंग राहतो’ असे लिहा. डिफॉल्ट किंमत वर्णनात लिहू नका. ती फील्डवरूनच उचलली जाते; हाताने लिहिलेली मागे पडते. फक्त चालताना ठरणारी किंमत असेल, उदाहरणार्थ संगणकाच्या सीपीयू कोअरवर अवलंबून, तरच ती शब्दांत सांगा.

मल्टिमॉड्यूल प्रकल्पात एक हमखास अडचण येते. सेटिंगच्या वर्गात दुसऱ्या मॉड्यूलमधला वर्ग फील्ड म्हणून वापरला, तर प्रोसेसरला त्याचा फक्त कंपाइल झालेला भाग मिळतो, सोर्स मिळत नाही. मग नाव येते, पण वर्णन आणि डिफॉल्ट गायब. असे वर्ग त्याच मॉड्यूलमध्ये आणणे बरे. ते जमत नसेल तर ‘अ‍ॅडिशनल’ने सुरू होणारी जोड-मेटाडेटा फाइल हाताने लिहा. आमचा कौल पहिल्या उपायाला.

शेवटचे काम तक्त्याचे. सगळ्या जारमधल्या या जेसन फाइली गोळा करून नाव, प्रकार, डिफॉल्ट, वर्णन अशी पाने बनवणारी शंभरेक ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती प्रत्येक बिल्डमध्ये चालवा, आणि एखाद्या सेटिंगचे वर्णन रिकामे असेल तर बिल्ड पाडा. हा नियम कठोर वाटेल, पण याच्याशिवाय बाकीची मेहनत टिकत नाही. जुन्या सेटिंगसाठी सूट-यादी ठेवा आणि ती यादी लांबणार नाही एवढे बघा.

पानाची मांडणी मॉड्यूलप्रमाणे करू नका. ‘कोअर’, ‘कॉमन’, ‘युटिल’ ही तुमच्या फोल्डरची नावे आहेत. शोधणाऱ्याच्या मनात ‘अपलोड’, ‘लॉगिन’, ‘ईमेल’, ‘पावती छपाई’ असते. शिवाय प्रत्येक सेटिंगला दोन-चार शोधशब्द जोडा. मेटाडेटाच्या साच्यात त्यासाठी खण नाही, म्हणून ते वेगळ्या फायलीत ठेवून स्क्रिप्टने जुळवा. शोधशब्द सुचवायला अनुभवी माणूस नको. तो थेट नावानेच शोधतो. टेबलाशी आलेल्या मुलाने कोणत्या शब्दांत विचारले तेच लिहून घ्या, मराठीत विचारले तर मराठीत.

प्रश्न : कळमन्याच्या अडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे, स्प्रिंग बूट आणि टॉमकॅट या वेब सर्व्हरवर. अर्ध्या तासाने लॉगआउट व्हावे म्हणून सेशन टाइमआउटला ३० लिहिले. आता लिलाव चालू असताना जरा थांबले की मिनिटात बाहेर फेकते.
(कळमना, नागपूर)

उत्तर : सर्व्हर.सर्व्हलेट.सेशन.टाइमआउट या सेटिंगमध्ये नुसता आकडा लिहिला तर तो सेकंदांत धरला जातो. ३० सेकंद झाले. टॉमकॅटला ही मुदत पूर्ण मिनिटांत दिली जाते आणि किमान १ मिनिट धरले जाते, म्हणून तुम्हाला मिनिट दिसते आहे. ‘३०एम’ लिहा, एककासकट. खरे तर डिफॉल्टही ३० मिनिटांचाच आहे; ओळ काढून टाकलीत तरी काम होईल.

यात तुमचा दोष फारसा नाही. वेळेच्या ज्या सेटिंग स्प्रिंग बूट ड्युरेशन या प्रकाराने वाचते, त्यांत नुसता आकडा एरवी मिलिसेकंद मानतात. सेशनच्या बाबतीत मात्र सेकंद. आणि डेटाबेसच्या हिकारी पूलची (कनेक्शन तयार राखून ठेवणाऱ्या घटकाची) कनेक्शन-टाइमआउट तिसऱ्याच जातीची. ती थेट हिकारीच्या वर्गात जाते, तिथला प्रकार साधा पूर्णांक आहे, एकक मिलिसेकंद, डिफॉल्ट ३००००. तिथे ‘३०एस’ लिहिले तर अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते असे: वेळेसाठी ड्युरेशन आणि आकारासाठी डेटा-साइझ हेच प्रकार वापरा, आणि मिलिसेकंद सोडून दुसरे एकक गृहीत असेल तर वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात ते सांगा. साधा पूर्णांक वापरणे भागच असेल तर एकक नावात घाला: ‘टाइमआउट-सेकंड्स’. नाव लांबते, लांबू द्या.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात मार्कशीटचे स्कॅन जोडायचे असतात. एका फाइलची मर्यादा ५ एमबी केली, अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू केले, तरी ४१३ एरर (विनंती फार मोठी) येते. सेटिंग लागूच होत नाही की दुसरीकडे कुठे आहे?
(वर्धा रोड, नागपूर)

उत्तर : दोन्ही शक्यता आहेत. आधी ४१३ कोण म्हणते आहे ते बघा. एररच्या पानाखाली ‘एन्जिन-एक्स’ (अ‍ॅप्लिकेशनच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) लिहिलेले दिसले किंवा त्याच्या एरर लॉगमध्ये ‘क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी’ अशी ओळ असली, तर विनंती तुमच्या अ‍ॅप्लिकेशनपर्यंत पोचलेलीच नाही. एन्जिन-एक्समधली क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ही मर्यादा डिफॉल्टने १ एमबी असते. ती एचटीटीपी, सर्व्हर किंवा लोकेशन या तिन्ही पातळ्यांवर लिहिता येते आणि आतली पातळी बाहेरच्यावर मात करते. इन्क्लूड केलेल्या पाच फायली उघडत बसण्यापेक्षा ‘एन्जिन-एक्स वजा टी’ ही कमांड मोठ्या लिपीतल्या टीने चालवा: सगळ्या फायलींचा मजकूर एकत्र छापून येतो, त्यात शोधा. छोट्या लिपीतला टी फक्त फाइल बरोबर आहे का तपासतो. बदल केल्यावर तो चालवून मग रीलोड करा.

पुढे स्प्रिंग. स्प्रिंग.सर्व्हलेट.मल्टिपार्ट.मॅक्स-फाइल-साइझ ही एका फाइलची मर्यादा, डिफॉल्ट १ एमबी. तिच्या शेजारची मॅक्स-रिक्वेस्ट-साइझ ही सगळ्या फायली मिळून, डिफॉल्ट १० एमबी. तुम्ही पहिली वाढवली आणि दुसरी तशीच ठेवली असेल, तर ३ एमबीची चार स्कॅन जोडणारा विद्यार्थी १२ एमबीवर अडकेल. एकच फाइल जोडून चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. चार फायली गृहीत धरून ५ एमबी आणि २२ एमबी ठेवा, एन्जिन-एक्सला त्याहून थोडे जास्त, २५ एमबी. बाहेरची मर्यादा आतल्यापेक्षा मोठी असावी, म्हणजे ‘फाइल मोठी आहे’ हा संदेश तुमच्या शब्दांत, अर्जाच्या पानावरच दाखवता येतो.

एवढे करूनही ५ एमबी लागू होत नसेल तर किंमत दुसरीकडून येते आहे. स्प्रिंग बूटमध्ये कमांडवर दिलेली किंमत सर्वांत वरचढ. तिच्याखाली जावाची सिस्टिम प्रॉपर्टी, मग ऑपरेटिंग सिस्टिमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग प्रोफाइलची फाइल आणि सगळ्यांत शेवटी साधी अ‍ॅप्लिकेशन.प्रॉपर्टीज. जारच्या बाहेर ठेवलेली फाइल जारमधल्या तशाच फाइलवर मात करते. एकाच जागी प्रॉपर्टीज आणि यॅमल (सेटिंग लिहायच्या फायलीचा दुसरा साचा) दोन्ही फायली असतील तर प्रॉपर्टीज जिंकते. ही उतरंड पाठ करण्यात अर्थ नाही, चालू प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या स्प्रिंग बूटच्या अ‍ॅक्च्युएटरला विचारा. त्याचा एन्व्ह हा एंडपॉइंट (पत्ता) उघडा आणि पुढे तिरकी रेघ देऊन सेटिंगचे पूर्ण नाव लिहा. ती सेटिंग कोणकोणत्या ठिकाणी लिहिली आहे, त्यांतली कोणती जिंकली, आणि फाइल असेल तर कितव्या ओळीवर, हे उत्तरात येते.

एन्व्ह एंडपॉइंट वेबवर डिफॉल्टने बंद असतो, मॅनेजमेंट.एंडपॉइंट्स.वेब.एक्स्पोजर.इन्क्लूडमध्ये त्याचे नाव घालावे लागते. स्प्रिंग बूट ३.० पासून सगळ्या किमती तारांकित दिसतात, पण कुठून आली ते तरीही कळते आणि तुम्हाला तेवढेच हवे आहे. किमती उघड्या करायच्याच असतील तर शो-व्हॅल्यूजला ‘व्हेन-ऑथोराइझ्ड’ द्या. ‘ऑल्वेज’ देऊन सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड चौकात लावणे.

आणि नावातच चूक असेल तर? स्प्रिंग बूट अनोळखी नावाकडे निमूट दुर्लक्ष करते. स्वतःच्या सेटिंग-वर्गावर इग्नोर-अननोन-फील्ड्स ‘फॉल्स’ केले तर चुकीच्या नावावर अ‍ॅप्लिकेशन सुरू होताच थांबते. मात्र एकाच प्रिफिक्सखाली दोन वर्ग असतील तर एकाची नावे दुसऱ्याला अनोळखी वाटतात. प्रिफिक्स आधी वेगळी करा.

प्रश्न : यॅमल फाइलमध्ये शाखेचा एसटीडी कोड ०७१२ लिहिला. पावतीवर ४५८ छापून येतो. मुंबईच्या शाखेचा १८.
(गांधीबाग, नागपूर)

उत्तर : अवतरण चिन्हांत लिहा. यॅमल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा, त्यात ८ किंवा ९ नसेल तर, अष्टमान पद्धतीचा समजला जातो: ७ गुणिले ६४, अधिक ८, अधिक २, झाले ४५८. मुंबईचा ०२२ म्हणून १८, आणि पुण्याचा ०२० लिहाल तर १६ येईल. स्प्रिंग बूट ज्या स्नेक-यॅमलने फाइल वाचते ते १.१ चे नियम पाळते. फोन, खाते क्रमांक, पावतीचा अनुक्रम हे आकडे दिसत असले तरी मजकूर आहेत. सगळ्यांना अवतरण द्या. ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘येस’, ‘नो’ यांनाही, नाहीतर ते खरे-खोटे होऊन बसतात.

प्रश्न : पायथनच्या जँगो फ्रेमवर्कवरच्या प्रकल्पात टाइम झोन एशिया/कोलकाता दिला आहे, तरी नोंदी साडेपाच तास मागे दिसतात. सेटिंगची फाइल सहाशे ओळींची, चार जणांनी वाढवलेली. त्यात काय खरोखर लागू आहे ते कसे शोधायचे?
(धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मॅनेज.पाय बरोबर डिफसेटिंग्ज ही कमांड चालवा. जँगोच्या डिफॉल्टपेक्षा तुमच्याकडे जे वेगळे आहे तेवढेच ती छापते. जँगोच्या डिफॉल्ट यादीत जे नावच नाही, त्याच्या ओळीच्या शेवटी ### अशी खूण येते. ही खूण म्हणजे चुकलेले स्पेलिंग पकडायची सोपी युक्ती. तुमच्याकडे ‘टाइमझोन’ अशी सलग ओळ ### सह दिसेल असा आमचा अंदाज. बरोबर नावात ‘टाइम’ आणि ‘झोन’मध्ये खालची रेघ आहे. नवा प्रकल्प तयार करताना जँगो तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहून ठेवतो, तोच चालू राहिला असणार, आणि यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. खुणेची प्रत्येक ओळ चूक नसते. बेस_डिर, रूट_यूआरएलकॉन्फ आणि इतर पॅकेजच्या सेटिंगवरही ती येते. त्या ओळखून बाजूला काढा, उरतील त्या तपासा.

सर्व सेटिंग हव्या असतील तर ‘ऑल’ हा पर्याय जोडा. चाचणीची आणि प्रत्यक्षातली फाइल वेगळी असेल तर ‘डिफॉल्ट’ या पर्यायापुढे दुसऱ्या मॉड्यूलचे नाव द्या, दोघांतला फरक निघतो. सावधगिरी एकच: या कमांडमध्ये सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड झाकलेले नसतात. निकाल ग्रुपवर टाकण्याआधी त्या ओळी खोडा.

सहाशे ओळींचे काय? तुमच्या स्वतःच्या सेटिंगना एक प्रिफिक्स द्या, त्यांची नावे आणि डिफॉल्ट एका मॉड्यूलमध्ये ठेवा, आणि जँगोच्या चेक्स यंत्रणेत एक छोटी तपासणी नोंदवा: त्या प्रिफिक्सने सुरू होणारे पण यादीत नसलेले नाव दिसले की वॉर्निंग. रनसर्व्हर आणि मायग्रेट करताना ती आपोआप चालते. प्रत्यक्ष सर्व्हरवर डब्ल्यूएसजीआयखाली (वेब सर्व्हर आणि पायथन यांना जोडणाऱ्या पद्धतीत) मात्र चालत नाही, म्हणून डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये चेक कमांड वेगळी लिहा.

प्रश्न : आमच्या फ्रेमवर्कमधली काही नावे इतकी वाईट आहेत की कोणालाच सापडत नाहीत. बदलली तर जुनी गिऱ्हाइके अडचणीत. मार्ग काय?
(मिहान, नागपूर)

उत्तर : स्प्रिंग बूटवर असाल तर जुने नाव न तोडता नवे आणता येते. नवे फील्ड तयार करा, जुन्याचा सेटर ठेवा आणि त्यातून किंमत नव्याकडे पाठवा. जुन्याच्या गेटरवर डेप्रिकेटेड-कॉन्फिगरेशन-प्रॉपर्टी हे अ‍ॅनोटेशन लावून बदली नाव, कारण आणि कोणत्या आवृत्तीपासून हे तिन्ही भरा. आयडीईत जुने नाव रेघ मारलेले दिसते आणि नवे सुचते. गिऱ्हाइकाने दोन्ही नावे लिहिली तर कोणते जिंकेल हे सेटरच्या क्रमावर सोडू नका. नवे जिंकेल असे कोडमध्ये ठरवा आणि लॉगमध्ये वॉर्निंग द्या, त्यात दोन्ही नावे पूर्ण लिहून.

स्प्रिंगने स्वतः हेच केले आहे: २.० मध्ये सर्व्हर.काँटेक्स्ट-पाथचे सर्व्हर.सर्व्हलेट.काँटेक्स्ट-पाथ झाले, ३.० मध्ये स्प्रिंग.रेडिस खालच्या सेटिंग स्प्रिंग.डेटा.रेडिसखाली गेल्या. अशा बदलांसाठी स्प्रिंग-बूट-प्रॉपर्टीज-मायग्रेटर आहे. गिऱ्हाइकाने तो रनटाइम डिपेंडन्सी म्हणून जोडला की सुरू होताना जुनी नावे लॉगमध्ये येतात आणि जमतील ती त्या वेळेपुरती नव्यावर वळवली जातात. तो मेटाडेटा वाचूनच काम करतो, म्हणून तुमच्या नावांनाही लागू पडतो. प्रॉपर्टी-सोर्स अ‍ॅनोटेशनने उशिरा आलेल्या फायली त्याला दिसत नाहीत. काम झाले की तो काढून टाकायचा असतो.

जुने नाव कायमचे बंद कराल तेव्हा कोड काढा, पण जोड-मेटाडेटा फाइलमध्ये त्याची नोंद ‘एरर’ या पातळीवर ठेवा, बदली नावासकट. दोन वर्षांनी कोणी जुनी फाइल चिकटवली तर त्याच्या आयडीईला निदान कुठे जायचे ते सांगता येईल.